प्रफुलभाऊनं दिलेलं बी

चंद्रपूरच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या मागच्या खोलीत मयुरी नाकाडे जे काम करायची, ते आईला समजावून सांगणं तिला कधी नीट जमलं नाही. एकदा रुखमाबाई पोरीला भेटायला गावाहून आल्या, तेव्हा मयुरी काचेची एक बाटली छातीशी धरून जोरजोरात हलवत होती. खोलीत अमोनियाचा वास इतका, की रुखमाबाईंनी पदर नाकाला लावला. हलवून झाल्यावर मयुरीनं बाटली हलकेच कोमट पाण्याच्या टाकीत सोडली, टाकीवर झाकण ठेवलं आणि मागं सरली.

"आता का?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आता उद्यापर्यंत हात नाई लावायचा."

"मंग तू इथी का करते दिवसभर?"

"वाट पाह्यते," मयुरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्या बाटलीत सिलिकाच्या कांड्या वाढत असत. सिलिका म्हणजे वाळूत असते तीच वस्तू. कांड्या इतक्या बारीक, की केसाच्या जाडीत आडव्या लावल्या तर कितीतरी मावतील. त्या उगवण्यासाठी आधी बी लागतं. बी म्हणजे सिलिकाचेच गोल कण, पाण्यात तरंगत राहणारे, खाली न बसणारे. तेलकट द्रवात हे बी आणि थोडंसं पाणी घालून बाटली हलवली, की पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि एकेका बियाला एकेक थेंब जाऊन चिकटतो. मग वरून सिलिका देणारा द्रव घालायचा. तो थेंबात शिरतो, घट्ट होतो आणि बी अन् थेंब यांच्या मधे साचत जातो. थेंब पुढं ढकलला जातो, मागं कांडी लांबत जाते. एका टोकाला बी तसंच राहतं, आगकाडीच्या गुलासारखं. मधे कुणी बाटली हलवली, पंख्याचा वारा लागून ऊब बदलली, तर कांड्या वाकतात, नाहीतर मधेच बारीक होतात. बी लहानमोठं असलं किंवा एकमेकांना चिकटलेलं असलं, तर कांड्या येतच नाहीत. तळाला नासक्या दुधासारखा साका बसतो.

हे सगळं मयुरीला प्रफुलनं शिकवलं होतं.

प्रफुल त्यांच्याच गावचा, कुरखेड्याच्या पुढच्या त्या धानाच्या गावातला, ताराबाईंचा मुलगा. गावातून एम.एस्सी. झालेला तो पहिला. सुटीत घरी आला की शाळेच्या पडवीत पोरापोरींना शिकवायचा. मयुरी त्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी. उत्तर पटल्याशिवाय उठायची नाही. तिला सख्खा भाऊ नव्हता. प्रफुलला बहीण नव्हती. राखीच्या दिवशी ती त्याच्या घरी जायची, ताराबाई तिला जेवू घालायच्या. बारावीनंतर तिचे वडील लटारू म्हणाले, आता पुरे, तेव्हा प्रफुलच त्यांच्या अंगणात येऊन बसला होता.

"लटारूकाका, पोट्टीले शिकू द्या. मी आहो ना तिथी."

लटारूंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "तू आहेस तर जाऊ दे."

त्या एका वाक्यावर मयुरी चंद्रपूरला आली. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.साठी त्याच प्रयोगशाळेत दाखल झाली जिथं प्रफुल दोन-तीन वर्षांपासून काम करत होता. दोघांच्या मार्गदर्शक बोरकुटे मॅडम. निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या, पण सकाळी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळा उघडणाऱ्या.

मॅडमची कल्पना साधी आणि सुंदर होती. गडचिरोलीत आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात धान गिरण्यांच्या मागं तुसाचे ढीग लागतात. गावात त्याला सगळे भुसाच म्हणतात. हा भुसा जाळला की पांढरी राख उरते आणि त्या राखेत जवळजवळ सगळी सिलिकाच असते. राख विरघळवून त्यातून बी तयार करायचं आणि त्या बियांवर कांड्या वाढवायच्या. धानाच्या भुशापासून थेट कांडीपर्यंत. सरकारी योजनेतून मदत मिळाली ती याच कल्पनेला.

"बी माझ्याकडं, कांड्या तुझ्याकडं," प्रफुलनं पहिल्याच आठवड्यात वाटणी केली. मयुरीला ती आवडली. गावाकडून भुसा आणण्याचं कामही तिनं आपणहून घेतलं. लटारू गिरणीतून भुसा आणत, अंगणात चाळत, त्यातले खडे आणि गवताच्या काड्या वेचत, आणि पोतं शिवून वडशाला रेल्वेत चढवून देत. मयुरी चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवर जाऊन पोतं उतरवून घ्यायची. भट्टीच्या खोलीत प्रफुल तो भुसा आम्लानं धुवायचा आणि जाळायचा. पांढरी शुभ्र राख तो मयुरीला मुठीत धरून दाखवायचा. मग काही दिवसांनी तो तिला बियांची बाटली द्यायचा. निळसर झाक असलेलं पातळ दूध.

"हे घे. लटारूकाकाच्या अंगणातलं."

आणि कांड्या येत. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या नाही, पण मयुरीचा हात बसला तशा त्या येऊ लागल्या. साध्या मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला, की त्या वळवळताना दिसत, पाण्यात पडलेल्या तांदळाच्या कण्यांसारख्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. नागपूरच्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली काढलेल्या फोटोत तर प्रत्येक कांडीच्या टोकाचं बी गोलमटोल दिसत होतं. बोरकुटे मॅडमनी तो फोटो पाहून चष्मा काढला आणि पदरानं पुसला. परदेशातल्या एका नियतकालिकात तिघांच्या नावानं पेपर छापून आला. प्रफुलला पीएच.डी. मिळाली आणि त्याच जोरावर अहेरीच्या कॉलेजात नोकरीही.

गावानं दोघांचा सत्कार केला. समाजमंदिरात कांड्यांचा तो फोटो फ्लेक्सवर मोठा करून लावला होता. प्रफुलनं माईक धरून सांगितलं, "ह्या कांड्या आपल्या गावच्या भुशातल्या आहेत." टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपून लोक चहाला वळले तरी लटारू फ्लेक्सपुढंच उभे होते.

"ह्या आपल्या भुशातल्या?" त्यांनी पोरीला हळूच विचारलं.

"हो बाबा."

त्यांनी फ्लेक्सवरून तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

प्रफुल अहेरीला गेला तेव्हा बियांच्या काही बाटल्या मागं ठेवून गेला आणि बी बनवण्याची सगळी रीत मयुरीला सांगून गेला. त्या बाटल्या होत्या तोवर काम सुरळीत चाललं. त्या संपल्या आणि मयुरीनं स्वतः बी बनवायला घेतलं, तेव्हापासून एकही कांडी आली नाही.

आधी तिला वाटलं, पहिल्यांदा असंच होणार. मग तिनं रीत पुन्हा केली. राख तीच, आम्ल तेच, थेंब थेंब टाकण्याचा वेग तोच. तिचं बी कधी खिरीसारखं आळून यायचं, कधी पातळ राहायचं पण त्यात बारीक आणि जाड कण एकत्र असायचे. बाटली हलवून ठेवली, की दुसऱ्या दिवशी तळाला साका. तिनं प्रफुलला फोन केला.

"पाणी बदलून पाहाय," तो म्हणाला.

तिनं पाणी बदललं. मग बाटल्या बदलल्या. मग अमोनिया नवा मागवला. मॅडमचा कोळशाच्या ट्रकांवर संशय होता, रस्त्यावरून ट्रक गेला की टेबल थरथरतं म्हणून. तेव्हा तिनं टाकी आतल्या भिंतीला हलवली. मे महिन्यात चंद्रपूरची भिंत हाताला चटका द्यायची, तरी ती पंखा बंद करून घामानं निथळत काम करायची. लटारूंना सांगून दुसऱ्या जातीच्या धानाचा भुसा मागवला. दर काही दिवसांनी ती अहेरीला फोन लावायची, प्रफुल शांतपणे ऐकून घ्यायचा आणि काहीतरी नवं सांगायचा. एकदा तिचा आवाज फुटला, तेव्हा तो म्हणाला,

"एक सांगू का, राग नको मानू. तुह्या हाताले घाई आहे. बी बनवाले धीर लागते. तुले तो नाई."

मयुरीनं ते खरं मानलं. तिच्यात धीर नाही हे तिनं आरशातही पाहायला सुरुवात केली. ती सावकाश चालू लागली, सावकाश जेवू लागली. बोटं थरथरतात का ते पाहायला हात समोर धरून बसायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं. मॅडम काही बोलत नसत, पण एकदा त्या दुसऱ्या कुणाला फोनवर सांगत होत्या ते तिच्या कानावर पडलं, "प्रफुलचा हातच वेगळा होता." त्या संध्याकाळी मयुरीनं घरी फोन करून सांगितलं, की मी हे सोडून बी.एड. करते. रुखमाबाई म्हणाल्या, "आधी घरी ये, जेव, मंग ठरव."

ती घरी गेली नाही, कारण त्याच आठवड्यात गोपाल आला.

गोपाल हा रसायनं पुरवणाऱ्या दुकानाचा माणूस. स्कूटरवर खोकी बांधून कॉलेजात यायचा, सामान उतरवायचा, सही घ्यायचा आणि जायचा. त्या दिवशी खोकी जड होती म्हणून मयुरीनं त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता तो सहज म्हणाला,

"मॅडम, ते दुधासारखं औषध आता लागत नाई काय तुमाले?"

"कोणतं?"

"ते नाई का, सिलिकाचंच. पातळ, निळं निळं दिसते. प्रफुलसर मागवायचे. इथी नोते आणू देत, दुकानात सोता येऊन न्यायचे. ते गेल्यापासून कोणी विचारलंच नाई, म्हणून म्हटलं."

मयुरीनं त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला. तो ग्लास धुवायला गेली आणि नळ चालू ठेवून तिथंच उभी राहिली. मग परत येऊन म्हणाली, "गोपालभाऊ, त्याची एक बाटली मले आणून द्या."

बाटली आली. कारखान्यात बनलेलं तयार बी. तिनं त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेतलं आणि खिडकीपाशी धरलं. निळसर झाक असलेलं पातळ दूध. ओळखीचं. तरीही तिनं स्वतःला सांगितलं, की दिसायला सारखं म्हणजे तेच असं नाही. तिनं बाटली भरली. तेलकट द्रव, पाणी, अमोनिया, हे बी, वरून सिलिकाचा द्रव. छातीशी धरून हलवली. टाकीत सोडली. पंखा बंदही केला नाही. मुद्दामच चालू ठेवला. ट्रक जात होते, जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली पांढरी, दाट झाली होती. तळाला साका नव्हता. मायक्रोस्कोपखाली थेंब ठेवला, तर कांड्या वळवळत होत्या. मधेमधे एखादी वाकडी, पण बाकी सगळ्या सारख्या, सगळ्या तिच्या जुन्या कांड्यांच्या सख्ख्या बहिणी.

तिच्या हातात काही खोट नव्हती. कधीच नव्हती. हे कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती मायक्रोस्कोपवर कपाळ टेकून रडली. मोठ्यानं नाही. मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. तिला आठवत होती ती त्याच्या मुठीतली पांढरी राख, आणि "लटारूकाकाच्या अंगणातलं" म्हणताना त्याचा तो आवाज. ते बोलताना त्याला हसू तरी कसं आलं असेल, हे तिला कळत नव्हतं. खोटं बी देऊन तो थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. पण ती फोनवर रडत असताना त्यानं तिला पाणी बदलायला सांगितलं, तिच्या हातांत दोष काढला. आणि हे सगळं त्याला ठाऊक असताना.

मयुरी एस.टी.नं अहेरीला गेली. गोंडपिपरी, आष्टी, वैनगंगेचा पूल, मग आलापल्लीचं सागवान. वाटभर ती काय बोलायचं ते जुळवत होती आणि उतरताना सगळं विसरली. बाजाराचा दिवस होता. प्रफुलचं भाड्याचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दार त्याच्या बायकोनं, रिंकूनं उघडलं, तिला मिठी मारली, आत नेलं. "आली वो तुमची बहीण," ती आत ओरडून म्हणाली आणि बाजारातून भाजी आणायला निघून गेली.

प्रफुल हसत बाहेर आला. मयुरीनं पिशवीतून गोपालनं दिलेली बाटली काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. तो बाटलीकडं पाहत खाली बसला. हसू त्याच्या तोंडावरून हळूहळू उतरलं.

"कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. मी कांड्या वाढवून पाह्यली. आल्या."

त्यानं बाटली उचलून परत खाली ठेवली. मग बोलू लागला तसा सगळं बोलला. भुशाचं बी त्यालाही कधी जमलं नव्हतं. दोन वर्षं त्यानं भुसा जाळला. योजनेची मुदत संपत आली, मॅडम रोज विचारायच्या, एके दिवशी त्यानं फक्त तुलना करून पाहायला म्हणून कारखान्याचं बी आणलं. त्या आठवड्यात मयुरीनं बाटली मागितली आणि त्यानं तीच दिली. कांड्या आल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग परत मागं फिरता आलं नाही.

"मी तुह्यासाठीच केलो, मयुरी. तुले कांड्या दिसल्या नसत्या तर तू त्याच वर्षी घरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती. माया होता तो निर्णय."

"मी रोज म्हणत होतो, आज सांगतो, उद्या सांगतो."

"तू सांगतला का पण? तू म्हणला माया हाताले घाई आहे." तिचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "काऊन म्हणला तसं? दुसरं काही म्हणता आलं असतं. म्हणता आलं असतं का मले बी नाई जमत. मी रात्रंदिवस माया हात पाह्यत होती, प्रफुलभाऊ."

प्रफुल रडला. खरंच रडला, लहान मुलासारखा, पालथ्या हातानं डोळे पुसत. "तू म्हणशील तसं करू," तो म्हणाला. "मॅडमले सांग. मी कबूल करतो. पेपर मागं घेऊ." रिंकू भाजी घेऊन आली. तिनं आग्रह केला, पण मयुरी जेवायला थांबली नाही. परतीच्या गाडीत तिला वाटलं, निदान शेवटी तरी तो खरं बोलला. राग होता, पण त्यात थोडी जागाही झाली होती.

बोरकुटे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी विश्वास ठेवला नाही. मयुरीनं कारखान्याच्या बियांवर वाढलेल्या नव्या कांड्या दाखवल्या, तेव्हा त्या खुर्चीत मागं रेलल्या आणि छताकडं पाहत राहिल्या.

"मी जूनमध्ये निवृत्त होते आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"तुझा प्रबंध व्हायचा आहे. त्याची नवी नोकरी. सगळंच जाईल. थोडं थांबलीस तर?"

"किती थांबू?"

मॅडमनी समोरची फाईल उघडली. नंतरचे काही दिवस त्या मयुरीशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मयुरी रोज येऊन टेबल पुसायची, बाटल्या धुवायची, पण एकही बाटली भरायची नाही. शेवटी तिनं स्वतःच नियतकालिकाला ई-मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मॅडमपुढं ठेवला. मॅडमनी वाचला, नको म्हटलं नाही. मयुरीनं पाठवला.

संपादकांनी तिघांकडूनही खुलासा मागवला. प्रफुलचा खुलासा आला तो सगळ्यांना एकदमच आला. मयुरीनं तो उभ्यानंच वाचला. त्यात लिहिलं होतं, की आपण भुशाच्या राखेपासून बी तयार करण्याची रीत घालून दिली. प्रत्यक्ष कांड्यांसाठी कोणतं बी वापरलं गेलं हे सहसंशोधक मयुरी नाकाडे यांच्या अखत्यारीत होतं. त्यांनी बाजारातलं बी वापरलं असल्यास आपल्याला त्याची कल्पना नव्हती.

तिनं ते पुन्हा वाचलं. इंग्रजी अगदी सभ्य होतं. एकही शब्द कठोर नव्हता. अहेरीत पालथ्या हातानं डोळे पुसणारा माणूस तिला आठवला आणि पहिल्या वेळेपेक्षा फार खोल काहीतरी तिच्या आत तुटलं. पहिल्या वेळी तो घाबरलेला होता, अडकत गेला होता, हे तिला समजू शकत होतं. हे त्यानं बसून, विचार करून, शब्द निवडून लिहिलं होतं. तिनं फोन लावला. त्यानं उचलला नाही. नंतर तो नंबर लागेनासाच झाला.

मदत आली ती तिनं अपेक्षा सोडली होती तिथून. बोरकुटे मॅडम दुपारी तिच्या टेबलाशी आल्या, गुडघ्यावर हात ठेवत समोरच्या स्टुलावर बसल्या.

"मी थांब म्हटलं ते त्याच्यासाठीही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानं हे तुझ्यावर ढकललं. त्या भट्टीच्या खोलीची किल्ली कुणाकडं असायची ते मला माहीत आहे. बियांची प्रत्येक बाटली तो माझ्यासमोर तुझ्या हातात द्यायचा." त्यांनी गुडघा चोळला. "मीही कधी आत जाऊन पाहिलं नाही, मयुरी. मला कांड्या हव्या होत्या."

त्यांनी तसंच लिहून दिलं, स्वतःची चूकही त्यात लिहिली. गोपाललाही त्यांनी दुकानातून बोलावून घेतलं. तो आधी "मले याच्यात नका घेऊ" म्हणत होता, पण बाटल्या कोण न्यायचं ते त्यानं सांगितलं. पेपर मागं घेतला गेला. विद्यापीठानं चौकशी बसवली. ती रेंगाळत राहिली, प्रफुलची नोकरी टिकली, आणि मॅडम ठरल्याप्रमाणे जूनमध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोप समारंभात त्या पेपरचा उल्लेख कुणी केला नाही.

गावात सांगणं मयुरीला सगळ्यात जड गेलं. तिनं आधी घरातच सांगितलं. रुखमाबाईंचा विश्वासच बसेना, त्या सारख्या म्हणत होत्या, "प्रफुल असा नाई वो." लटारू अंगणात भुसा चाळत होते, पुढच्या पोत्यासाठी. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे आपला भुसा काही कामाचा नोता."

"कामाचा आहे बाबा. आमाले अजून जमला नाई."

"मंग एवढे दिवस मी हे वेचत होतो ते कुठी गेलं?"

ते जळून राख झालं होतं आणि ती राख कुठंतरी मोरीत गेली होती. मयुरीनं चाळणीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. लटारूंनी चाळणी भिंतीला टेकवून ठेवली. समाजमंदिरातला फ्लेक्स कुणी काढला ते तिला कळलं नाही. पुढच्या खेपेला तो तिथं नव्हता. ताराबाई आता तिला रस्त्यात दिसल्या की वाट बदलत. त्यांच्या लेखी मयुरीनं त्यांच्या मुलाची नोकरी घालवायचा घाट घातला होता.

मयुरीनं बी.एड. केलं नाही. नव्या मार्गदर्शकांकडं तिनं तोच विषय पुन्हा मागून घेतला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. भुशाचं बी एकसारखं का येत नाही, एवढंच शोधायला तिचं मोठं काम झालं. राखेतले क्षार नीट जात नव्हते. धुण्याची रीत बदलल्यावर कण थोडे गोल येऊ लागले. त्यांवर कांड्या आल्या, पण आखूड, जाड, एकमेकींशी न जुळणाऱ्या. नागपूरचा फोटो पाहून कुणाच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. प्रबंध मात्र झाला, आणि त्यातला प्रत्येक फोटो तिचा होता. आता ती आरमोरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. शिकवायला ती चांगली आहे असं मुलं म्हणतात, फक्त कुणी "मॅडम, मी करून ठेवलंय" म्हणालं, की ती ते स्वतः उघडून पाहते. त्याबद्दल तिला काही वेळा वाईट वाटतं.

गेल्या महाशिवरात्रीला ती रुखमाबाईंना घेऊन मार्कंड्याला गेली होती. दर्शन झालं. नदीच्या वाळूत जत्रा पसरली होती, खेळणी, रेवड्या, भजी. रुखमाबाई बांगड्या पाहत होत्या, तेव्हा गर्दीतून प्रफुल पुढं आला. बरोबर रिंकू होती, कडेवर मूल. त्यानं वाकून रुखमाबाईंच्या पायाला हात लावला. त्या गोंधळल्या, मग त्यांचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला. रिंकूनं मयुरीकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि मुलाला फुगे दाखवायला पुढं गेली.

प्रफुल मयुरीजवळ आला. केस पांढरे व्हायला लागले होते.

"मयुरी, माया हातून चुकलं," तो म्हणाला. "मले माफ कर."

 तिनं विचारलं, "कोणतं चुकलं?"

"म्हणजे?"

"बी दिला ते, का मंग जे लिहून दिला ते?"

प्रफुल नदीकडं पाहू लागला. पाण्यात बायका दिवे सोडत होत्या. तो उत्तर देईल म्हणून ती थांबली, चांगली थांबली.

"बी," तो शेवटी म्हणाला. "ते दुसरं... ते मले लिहावंच लागलं."

मयुरीनं मान हलवली. रुखमाबाईंनी बांगड्या भरून घेतल्या होत्या. त्या हात पुढं करून दाखवत होत्या. मयुरी त्यांच्याजवळ गेली, बांगड्या छान आहेत म्हणाली आणि त्यांचा दंड धरून वाळूतून वडशाच्या गाडीकडं चालू लागली. रुखमाबाईंनी मागं वळून पाहिलं, मग पोरीचा चेहरा पाहिला आणि पदर सावरत पावलं उचलली.